भाषण नको, बोला

सभेत बोलायला घाबरणारी माणसं एरवी मुखदुर्बळ असतात असं अजिबात नाही. लोकलच्या डब्यात दादरपासून कल्याणपर्यंत राजकारणावर न थांबता बोलणारे गृहस्थ, भाजीवाल्याशी हुज्जत घालून भाव उतरवणाऱ्या काकू, कट्ट्यावर मास्तरांच्या नकला करून मित्रांना लोळवणारा मुलगा, यांना शब्दांची वाण कधीच पडत नाही. पण निरोप समारंभात, हळदीकुंकवाला किंवा शाळेच्या पालकसभेत ‘आता यांनी दोन शब्द बोलावेत’ असं कुणी म्हटलं, की याच माणसांच्या तोंडाला कोरड पडते.

याला भीती जितकी जबाबदार आहे, तितकीच आपल्या डोक्यात बसलेली भाषणाची कल्पनाही. माईक हातात आला की आपण रोजची भाषा खाली ठेवतो आणि ‘आज या ठिकाणी उपस्थित असलेले’ अशी भलतीच भाषा अंगावर चढवतो. ‘मी सांगू इच्छितो’, ‘मला या ठिकाणी नमूद करावेसे वाटते’, ‘आपला बहुमूल्य वेळ न घेता’... घरात असं बोललात तर मुलं तुमचं कपाळ तापलंय का ते बघतील. आधीच शंभर डोळे आपल्यावर रोखलेले, त्यात तोंडात सवयीची नसलेली भाषा. डोळ्यांचं आपण काही करू शकत नाही. भाषेचं करू शकतो.

ही सवय बहुतेकांना शाळेत लागते. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीचं भाषण बाई लिहून देतात, आई ते पाठ करून घेते आणि मूल हात वर-खाली करत ते एका दमात म्हणून टाकतं. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने उभं असतं. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं आणि मूल पुन्हा ‘अध्यक्षमहोदय’पासून सुरुवात करतं. सभागृह हसतं. चाळिशीतही माईक पाहून पोटात गोळा येतो तो बऱ्याचदा त्या हशाचा असतो. म्हणून अख्खं भाषण पाठ करू नका, ही माझी पहिली सूचना. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढीच पाठ करा. उठल्यानंतरचं पहिलं अर्धं-एक मिनिट सगळ्यात अवघड जातं, तेवढ्यापुरतं तोंडात काहीतरी तयार हवं. शेवटचं वाक्य पाठ नसलं की माणूस ‘एवढं बोलून’ म्हणतो आणि आणखी दहा मिनिटं बोलत राहतो. मधला मजकूर मुद्द्यांवरून, त्या त्या वेळी सुचेल तशा शब्दांत येऊ द्या.

शरीरात काय चालतं ते कळलं तरी धसका बराच कमी होतो. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते. लाळ कमी सुटते म्हणून कोरड पडते, कातडीकडचं रक्त आत वळतं म्हणून तळहात गार होतात, गळ्याचे स्नायू आवळले जातात म्हणून आवाज चिरका येतो. यात तुमच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत माणसाला खात्रीने ताण यावा म्हणून एक पद्धत बसवली आणि ती आजही जगभर वापरली जाते. त्यात काय करतात? परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायला लावतात आणि नंतर तोंडी वजाबाकी. परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायची ताकीद असते. निरोगी, धडधाकट माणसांच्याही लाळेत ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडतं. म्हणजे तुम्हाला जे होतं ते होण्यासारखंच आहे.

ते किती दिसतं हा वेगळा प्रश्न, आणि तिथे आपला अंदाज हमखास चुकतो. केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं, की वक्त्याला आपली घालमेल श्रोत्यांना जेवढी दिसतेय असं वाटतं, त्याहून ती बरीच कमी दिसते. गंमत पुढे आहे. ज्यांना भाषणापूर्वी ही गोष्ट समजावून सांगितली होती, त्यांची भाषणंच अधिक चांगली झाली. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधडती छाती हुकमाने शांत होत नाही, पण त्या धडधडीचा अर्थ बदलता येतो.

यातून आपल्या मराठी सभांसाठी एक सरळ सल्ला निघतो. ‘मला बोलायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या’ अशी सुरुवात कधीही करू नका. लोकांना तुमची भीती दिसतच नव्हती, तुम्ही ती बोट धरून दाखवलीत. आता ते पुढचा सगळा वेळ तुम्ही कुठे चुकताय तेच बघणार.

सभाभीतीचं एक ठळक उदाहरण खुद्द गांधीजींचं आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. फी परत करून ते कोर्टातून निघून गेले. आत्मचरित्रात त्यांनी हे काही न लपवता लिहिलंय. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला तिच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पोचले आणि तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची सभा भरवून बोलले. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल, असं ते सांगतात. विषय होता व्यापारातला खरेपणा, आणि त्याची त्यांनी तयारी केली होती. कोर्टात ‘मला हे जमेल का’ हा प्रश्न होता. प्रिटोरियात समोरच्या माणसांना काहीतरी सांगायचं होतं. लक्ष स्वतःवरून विषयाकडे सरकलं की जीभ सुटते. तेव्हा तयारीला बसताना ‘मी कसा दिसेन’ हा विचार बाजूला ठेवून ‘यांनी घरी जाताना काय घेऊन जावं’ एवढंच एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही, मग कागदावर चार पानं का भरलेली असेनात.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा, तुमच्या कार्यालयातले कॅशियर निवृत्त होताहेत आणि तुम्हाला बोलायचंय. नेहमीचं भाषण असं होतं: ‘आमचे साहेब म्हणजे अत्यंत मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व असून, त्यांच्या जाण्याने या ठिकाणी कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होणार आहे.’ ही पोकळी महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत दर महिन्याच्या अखेरच्या तारखेला निर्माण होते आणि एक तारखेला कुणी तिची चौकशी करत नाही. आता हे ऐका:

‘एका ३१ मार्चला हिशेबात दहा रुपये कमी आले. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडचे दहा रुपये टाका आणि चला घरी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दहा रुपये माझ्याही खिशात आहेत रे. ते गेले कुठे ते बघायचंय. सापडले तेव्हा साडेअकरा झाले होते. उद्यापासून त्या खुर्चीवर जो बसेल, त्याला ही गोष्ट मी सांगणार आहे.’

मिनिटाच्या आत संपतं. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द एकदाही आला नाही, पण कॅशियर डोळ्यांपुढे उभे राहिले. शिवाय, बोलणाऱ्यालाही हे सोपं जातं. घडलेली गोष्ट पाठ करावी लागत नाही, आठवावी लागते, आणि आठवताना माणूस आपोआप आपल्या नेहमीच्या आवाजात येतो. आपले कीर्तनकार हे पूर्वीपासून जाणून आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं, आणि देवळातून परतताना लोकांच्या तोंडी आख्यानच असतं. तेव्हा पाच मिनिटांच्या भाषणात एक मुद्दा आणि त्याचं एक आख्यान, एवढं भांडवल पुरेसं आहे. तीन मुद्दे घेतलेत तर एकही लक्षात राहणार नाही.

टिपणं जरूर काढा, पण वहीच्या पातळ पानावर नको. हात थोडा जरी कापला तरी पान फडफडतं आणि ती फडफड शेवटच्या रांगेतूनही दिसते. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू यासाठी उत्तम: जाड असते, हातात मावते आणि घरात कधी कमी पडत नाही. तिच्यावर मोठ्या अक्षरांत चार-पाच मुद्दे, एकेका मुद्द्याला दोन-तीन शब्द. नावं, हुद्दे, तारखा आणि आकडे मात्र पूर्ण लिहा. स्मरणशक्तीची परीक्षा द्यायला आपण तिथे गेलेलो नसतो. मोबाइलवरून वाचायचा मोह टाळा. नेमका तेव्हाच स्क्रीन काळा होतो किंवा कुणाचा तरी फोन येतो.

मनातल्या मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोला. दर वेळी शब्द बदलले तर बदलू द्यात; तसे ते बदलताहेत याचाच अर्थ तुम्ही पाठ म्हणत नाही आहात. निवांत मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, घाबरल्यावर वेग वाढतो. पाच मिनिटं दिली असतील तर चार मिनिटांचं तयार करा. चार मिनिटांत आटोपलेल्या भाषणाबद्दल कुणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज परका वाटेल, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. त्याने खचू नका. त्यात ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘बरं का’ किती वेळा येतं तेवढं बघा. सगळं उपटून काढायला जाऊ नका, बोलणं कृत्रिम होईल. नुसतं कळलं तरी निम्मं गळून पडतं.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. हॉल रिकामा असताना व्यासपीठावर जाऊन उभे राहा, खुर्च्या किती लांबपर्यंत आहेत ते बघून ठेवा. पहिल्या दोन-तीन रांगांतल्या लोकांशी इकडचं तिकडचं बोला; नंतर त्यातले दोन चेहरे ओळखीचे होतात आणि सुरुवात त्यांच्याकडे बघून करता येते. पोटभर जेवून बोलायला उभे राहू नका आणि धीर यावा म्हणून चहावर चहाही घेऊ नका, धडधड वाढते. साधं पाणी जवळ ठेवा.

माईकचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगलं बोलणारी माणसंही इथे मार खातात. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि मान वळवाल तसा तोही वळवा. त्यात फुंकर मारू नका, टिचक्या मारू नका. त्याची जाळी मुठीत झाकू नका आणि तो हातात घेऊन स्पीकरच्या समोर जाऊ नका, शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा यामुळेच. स्टँडवरचा माईक आधीच्या उंच वक्त्याने वर नेऊन ठेवला असेल तर टाचा उंचावून बोलू नका. थांबा, तो खाली घ्या, मग सुरू करा. या चार-पाच सेकंदांत श्रोते कंटाळत नाहीत आणि तुमचा श्वासही जागेवर येतो.

आपलं नाव पुकारलं जाण्याआधीची दोन मिनिटं सर्वांत वाईट. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून बसा आणि श्वास सोडायला घ्यायच्या दीडपट वेळ द्या: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की नाडी खरोखरच थोडी मंदावते. असं पाच-सहा वेळा पुरे. मग उठा, चालत जा, उभे राहा, समोर बघा आणि मगच तोंड उघडा. आपण जागेवर पोचायच्या आत बोलायला लागतो, तिथेच श्वास तुटतो.

व्यासपीठावरच्या सात जणांची नावं पुन्हा घ्यायची गरज नाही, ती सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. शिवाय आपल्याकडे एखादं नाव राहिलं की रुसवा ठरलेला. ‘अध्यक्षमहोदय, मान्यवर आणि मित्रहो’ एवढ्यात सगळे येतात. हातांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र लोकांनी उगाच मोठा करून ठेवलाय. एका हातात माईक, दुसऱ्यात कार्ड, प्रश्न संपला.

बोलताना समोर काही चेहरे दगडासारखे दिसतील. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो. बातम्या बघताना आपलाही तसाच असतो. त्यांना पटवायच्या मागे लागू नका. मान डोलावणारे दोघं-तिघं प्रत्येक सभेत असतात, डावीकडचा एक, मधला एक, उजवीकडचा एक असे शोधून आळीपाळीने त्यांच्याशी बोला. सगळ्या हॉलला वाटेल की तुम्ही सगळ्यांकडे बघताय.

आणि मध्येच सगळं विसरलं तर? थांबा. पाण्याचा घोट घ्या, कार्ड बघा. ‘एक मिनिट, कागद बघतो’ असं सरळ म्हणायलाही हरकत नाही. तुम्हाला अर्ध्या तासाएवढी वाटलेली ती शांतता प्रत्यक्षात तीन-चार सेकंदांची असते, आणि श्रोत्यांना वाटतं की तुम्ही विचार करताय. कार्डावरही सापडेना, तर शेवटचं पाठ केलेलं वाक्य म्हणा आणि बसा. काय बोलायचं राहिलं ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

आभारप्रदर्शन हे नवख्याच्या गळ्यात मारायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याला सोपं समजून. वास्तविक ते अवघड. लोक उठायला लागलेले असतात आणि बाहेरून बटाटेवड्यांचा वास येत असतो. इथे लालित्याला जागा नाही. नावांचे उच्चार आधी विचारून घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने नेमकं काय केलं ते चार शब्दांत सांगा. खुर्च्या मांडणाऱ्या मुलांचं आणि मांडववाल्याचं नाव घ्यायला विसरू नका. तीन मिनिटांत संपवा.

काहींची भीती या सगळ्याच्या पलीकडची असते: आठवडाभर झोप लागत नाही, बढती नाकारावी लागते, चारचौघांत जेवायलाही संकोच वाटतो. अशांनी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं, त्यावर चांगले उपचार आहेत. छातीची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या वक्ते आणि गायक घेतात असं कानावर येतं, पण मित्राच्या सांगण्यावरून त्या घेऊ नका. दम्याच्या रुग्णाला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

उरला प्रश्न सरावाच्या जागेचा. कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला, आता आपल्या मोठ्या शहरांतही असे क्लब आहेत. त्यांच्याकडे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचा रिवाज आहे, तो उत्तमच. मात्र त्यांचे बरेचसे क्लब इंग्रजीत चालतात. भिशीच्या बैठकीत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात चिठ्ठ्या टाकून तोच खेळ मराठीत सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. ऐकण्याचाही सराव करा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, आणि अशा व्याख्यानमाला राज्यात ठिकठिकाणी होतात. तिथे कडेच्या खुर्चीवर बसा आणि वक्ता कुठे थांबतो ते बघा. नवशिक्याला बोलायचं काय ते बरेचदा कळतं, थांबायचं कुठे ते कळत नाही.

पण माझ्या मते सर्वांत चांगली शाळा म्हणजे जिथे तुम्हाला बोलायचा हक्कच आहे ती सभा. गावात असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा आहेत. शहरात गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे भाषण करू नका. उभे राहा, अहवालातला एक आकडा वाचा आणि विचारा: ‘लिफ्टच्या देखभालीचा खर्च यंदा दीडपट झालाय, तो कशामुळे?’ बसा. पुढच्या वर्षी त्याच सभेत एक सूचना मांडा, सोबत दोन कारणं द्या. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी हातात येते. प्रश्न शोधायला, तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहायला आणि चार वेळा मोठ्याने म्हणून बघायला एवढे दिवस भरपूर आहेत.